गाडी मुळात कशी होती?

२००४ साली मी माझ्या मारुती ८०० वर साडेसोळा हजार रुपये खर्च केले आणि ती आधीपेक्षा हळू झाली. हे माझ्या लक्षात यायला आठ महिने लागले, कारण त्या आठ महिन्यांत ती आवाज फार छान करत होती.

गाडी १९९७ ची, मी घेतली तेव्हा तिसऱ्या हातातली. पुणे-कोल्हापूर रस्ता तेव्हा चौपदरी होत होता. जिथे वर्षानुवर्षं ट्रकच्या मागे रांगत जायचो, तिथे एकाएकी मोकळा, गुळगुळीत डांबरी पट्टा समोर आला होता. त्या रस्त्यावर नव्या गाड्या सुळकन पुढे निघून जायच्या आणि आपलं ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, चाळीस अश्वशक्तीच्या आतलं इंजिन गुरगुरत मागे राहायचं. मी तेव्हा तिशीतला, नुकताच कोल्हापुरातल्या कॉलेजात शिकवायला लागलेला. पगारातून चार पैसे उरत होते. ते गाडीत गेले.

तेरा इंची अलॉय व्हील्स आणि रुंद टायर घेतले. बोनेटखाली शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर बसवला. जुना सायलेन्सर काढून फ्री-फ्लो लावला. एकेक गोष्ट लावली की मी रंकाळ्याला एक फेरी मारून यायचो आणि दरवेळी मनापासून वाटायचं, पिकअप सुधारला. आपण पैसे मोजलेत म्हटल्यावर पाठ, कान आणि पाय तिघेही आपल्या बाजूने साक्ष देतात.

वस्तुस्थिती साध्या गुणाकारात होती. मूळ टायर १४५/७० आर १२, म्हणजे चाकाचा एकूण व्यास सुमारे ५०८ मिलिमीटर. मी लावलेले १५५/६५ आर १३, व्यास सुमारे ५३२. चाक जवळजवळ पाच टक्क्यांनी मोठं झालं. म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच लांबला. सायकलच्या मागच्या चाकाला लहान दातेरी चकती लावून चढ चढायला निघावं, तसं. शिवाय स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून येते, तिला चाक बदलल्याचं कुठून कळणार? काटा ८० दाखवायचा तेव्हा हिशेबाने गाडी ८४ ला असायची. एअर फिल्टरचंही तसंच. मूळ डब्याची सोंड तुलनेने थंड हवा ओढत होती, माझा उघडा फिल्टर इंजिनच्या कडेला बसून तापलेली हवा पिऊ लागला. हवा तीस अंशांनी तापली की साधारण दहा टक्के विरळ होते, आणि हवा कमी तर जळणही कमी. आवाज मात्र वाढला. मी त्या आवाजालाच वेग समजत होतो.

हे सगळं मला कोणी वर्गात शिकवलं नाही. करूळ घाटात शिकलो.

गगनबावड्याहून कोकणात उतरताना हा घाट लागतो. पावसाळा संपत आलेला, मागच्या सीटवर आई आणि मावशी, डिकीत सामान. मी उतारावर चौथ्या गिअरात, ब्रेकवर पाय ठेवून उतरत होतो. वळणामागून वळण. अर्ध्या वाटेवर जळकट वास आला. आई म्हणाली, "अरे, कुणीतरी काहीतरी जाळतंय बघ." पुढच्या वळणाला ब्रेक दाबला तर पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं, त्याच्या पुढच्या वळणाला आणखी खोल आणि मऊ, जणू स्पंजावर पाय ठेवला आहे. हँडब्रेक ओढत, धडपडत दुसऱ्या गिअरात टाकून मी एका रुंद जागी गाडी कशीबशी उभी केली. पुढच्या चाकांतून धूर येत होता. मावशीने पर्समधून अंगारा काढला. मी तो निमूटपणे लावून घेतला.

त्यामागचं गणित मी नंतर मांडलं. माणसांसकट साडेआठशे किलोची गाडी दर शंभर मीटर खाली उतरताना जेवढी ऊर्जा सोडते, तेवढीत साधारण अडीच लिटर पाण्याला उकळी येईल. चांगलं पातेलंभर चहाचं आधण. ही उष्णता इंजिनाने अडवली नाही तर ती सगळी ब्रेकमध्ये जाते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं. डॉट ३ प्रतीचं ऑइल कोरं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरला की हीच मर्यादा १४० पर्यंत उतरते. उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पायाचा जोर चाकापर्यंत पोचण्याऐवजी वाफ दाबण्यातच संपतो. माझ्या गाडीतलं ऑइल कधी बदललं होतं? मी तरी कधीच नाही. साडेसोळा हजारांच्या यादीत ते नव्हतं, कारण ते कोणाला दिसत नाही.

कोल्हापुरात परतल्यावर एका सहकाऱ्याने मला उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे पाठवलं. हे गाव यंत्र उघडून बघणाऱ्यांचं. परदेशी कॅमेरा पाहून बाबूराव पेंटरांनी इथेच स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा घडवला. फाउंड्री आणि लेथच्या आवाजात इथल्या तीन-चार पिढ्या वाढल्या. मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे दोन गाड्यांपुरती पत्र्याची शेड. वय साठीच्या आसपास, कानावर पेन्सिल, अंगात धुऊन धुऊन राखाडी झालेला निळा शर्ट. मी उत्साहाने सगळं सांगितलं. कोणती व्हील्स, कोणता फिल्टर, आता ब्रेकही भारीतले टाकायचे आहेत, जमलं तर हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं आहे. त्यांनी ऐकून घेतलं.

"गाडी किती सालची, सर?"

"सत्त्याण्णवची."

"सत्त्याण्णवला कशी पळत हुती, ठावं हाय?"

"मी तेव्हा घेतली नव्हती ना."

"मग सुधारली का बिघडवली, कशावरनं ठरवणार तुमी?"

मला उत्तर सुचलं नाही. मी विद्यार्थ्यांना प्रयोग शिकवत होतो. मूळ वाचन घेतल्याशिवाय फरक मोजता येत नाही, हे दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहीत होतो. आणि सात वर्षं झिजलेल्या गाडीची झीज हाच तिचा स्वभाव समजून मी तिच्यावर भर घालत बसलो होतो.

"आधी कंपनी फिटिंग करू," ते म्हणाले. "मग काय चढवायचं ते बघू."

गाडी चार दिवस तिथे होती. मी संध्याकाळी कॉलेज सुटलं की जाऊन बसायचो. त्यांनी तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, वहीत लिहिलं. टॅपेट लावले. प्लग काढून मला त्यांचा रंग दाखवला. दुधाळ चहासारखा तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर, काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर कमी. माझे काजळलेले होते. लोअर आर्मचे रबरी बुश चिरले होते, एक टाय रॉड एंड ढिला होता, पुढचे शॉकॲब्सॉर्बर तेल सोडून कोरडे झाले होते. बोनेटवर दोन्ही हातांनी दाबून सोडलं की गाडी एकदाच उठून थांबायला हवी. माझी तीनदा मान डोलावायची. मागच्या ड्रममधलं एक व्हील सिलिंडर जाम होतं, म्हणजे मी इतके दिवस तीन चाकांच्या ब्रेकवर फिरत होतो. ब्रेक ऑइल काढलं ते काळ्या कॉफीसारखं.

आणि मग केबल.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला सीटवर बसवलं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला सांगितला आणि स्वतः बोनेटखाली वाकले. "दाबलाय?" "पूर्ण." "पूर्ण?" "तळाला टेकलाय." त्यांनी मला खाली बोलावलं, गॅरेजातल्या पोराला आत बसवलं आणि कार्ब्युरेटरमध्ये टॉर्च मारला. आतली पाकळी, जी पेडल तळाला गेल्यावर सरळ उभी राहायला हवी, ती तिरकीच होती. ॲक्सिलरेटरची केबल वर्षानुवर्षं ताणून ढिली झाली होती. मी कितीही पाय दाबला तरी इंजिनाचा घसा पाऊण भागच उघडत होता. मिस्त्रींनी दहा नंबरचा पाना लावला, नट थोडा फिरवला, लॉकनट आवळला. दोन मिनिटंही लागली नाहीत. पाकळी सरळ झाली.

त्या दोन मिनिटांचे पैसे त्यांनी लावले नाहीत. मी मात्र आजही तो हिशेब करतो. जी ताकद विकत आणायला मी बाजारात गेलो होतो, त्यातली बरीच माझ्याच बोनेटखाली एका ढिल्या तारेच्या पलीकडे पडून होती.

चौथ्या दिवशी बारा इंची जुनी चाकं परत चढवून मी गाडी बाहेर काढली. पंचगंगेच्या पुलापर्यंत गेलो. ती माझी गाडी नव्हती. स्टिअरिंग सोडलं तर सरळ जात होती, ब्रेक दाबला की चारही पायांवर बसत होती, खड्ड्यातून गेल्यावर विसरून जात होती. वेग फार वाढला होता असं नाही. पण माझ्या पायाचं तिला कळत होतं. आणि लक्षात आलं, ही मारुती ८०० मी आज पहिल्यांदा चालवतोय. याआधी चालवली ती तिची झीज.

१४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुतीची किल्ली इंदिरा गांधींनी दिल्लीतल्या एका ग्राहकाच्या हातात दिली, तिथून २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत ही गाडी तीस वर्षं रस्त्यावर उतरत राहिली. आपण तिला डबा म्हणायचो. पण त्या डब्यात कोणीतरी फार विचारपूर्वक तह केलेला होता. एवढं वजन, त्याला एवढंच चाक, त्या चाकाला एवढा गिअर, एवढ्या वेगाला पुरतील एवढे ब्रेक, आणि हे सगळं मध्यमवर्गाला परवडेल एवढ्या पैशात. त्यातलं एक कलम बदललं की बाकीची कलमं पुन्हा वाटाघाटीला बसतात. ताकद वाढवली तर ब्रेक बोलतो. ब्रेक वाढवला तर टायर बोलतो. वेग सव्वापट झाला की गाडीतली ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. ८० वरून १०० वर जाणं काट्यावर चार बोटं दिसतं, पण थांबायला कोरड्या रस्त्यावरही वीसेक मीटर जास्त लागतात, शिवाय पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे वेगळेच. आणि हा सगळा व्यवहार अखेर चार टायरांच्या तळव्यांवर होतो. प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तो साधारण आपल्या पंजाएवढा.

मिस्त्री बदलाच्या विरुद्ध होते असं मात्र कोणी समजू नये. त्यांनी स्वतःहून दोन गोष्टी चढवल्या. ब्रेकसाठी डॉट ४ चं ऑइल, कारण ते जास्त तापमान सोसतं, आणि हेडलाइटसाठी रिले, म्हणजे बॅटरीचा दाब स्विचच्या वाटेत न सांडता सरळ दिव्यापर्यंत पोचावा. दोन्ही मिळून पाचशेच्या आत. माझ्या तीन वस्तू कोणाला तरी दाखवायच्या होत्या. त्यांच्या दोन वस्तू रात्री घाटात लागणाऱ्या होत्या.

आता उरलो मी.

"येत्या रईवारी करूळला जाऊ," ते म्हणाले. "गाडी झाली, आता डायवर बघू." ते शेजारी बसले. निघण्याआधी त्यांनी माझी सीट चार बोटं पुढे सरकवायला लावली. पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे, आणि ब्रेक तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. मी इतकी वर्षं आरामखुर्चीत रेलल्यासारखा बसत होतो. त्यामुळे ब्रेकवर पायाचा निम्मा जोरही पोचत नव्हता. माझ्यातही एक केबल ढिली होती.

आरशाला आईने रुद्राक्षाची माळ बांधली होती. मी ती काढायला लागलो तर म्हणाले, "आजच्या दिस राहू द्या. मी तिच्याकडं बघतो, तुमी रस्त्याकडं बघा." गगनबावड्यापर्यंत ते माळेकडे बघत बसले. मी ब्रेक मारला की माळ पुढे झेपावायची, सोडला की मागे आपटायची, वळणावर आधी एकीकडे, मग दचकून दुसरीकडे. "तुमी वळणात ब्रेक मारता," ते म्हणाले. माळ जिकडे जाते तिकडे गाडीचं वजन जातं. ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकांवर येतं आणि मागची चाकं हलकी होतात. त्याच क्षणी स्टिअरिंग फिरवलं तर हलक्या झालेल्या चाकांना रस्ता धरायला सांगण्यासारखं आहे, आणि ओल्या रस्त्यावर ती ऐकत नाहीत. म्हणून वेग सरळ रस्त्यावर कमी करायचा, गिअर वळणाआधी टाकायचा, मग एकदाच, हळुवार स्टिअरिंग. नजर गाडीच्या नाकावर ठेवायची नाही, वळणाच्या शेवटाकडे ठेवायची. हात नजरेच्या मागे आपोआप जातात.

घाट उतरताना त्यांनी जुन्या ट्रक ड्रायव्हरांचा नियम सांगितला. ज्या गिअरात चढला असता, त्याच गिअरात उतरायचं. दुसऱ्या गिअरात इंजिन कण्हत होतं, गाडी स्वतःच स्वतःला धरून ठेवत होती आणि मला ब्रेक क्वचितच लागत होता. एका अरुंद वळणावर खालून एसटी आली. मी माझ्या जागेचा विचार करत होतो, तेवढ्यात ते म्हणाले, "चढणाऱ्याला वाट." हा शिष्टाचार नाही, वाहतुकीचा लिखित नियम आहे, हे मला नंतर कळलं. चढावर थांबलेल्या गाडीला पुन्हा उठवणं जड जातं, उतरणाऱ्याला थांबणं सोपं. ज्या रुंद जागी मी धूर काढत थांबलो होतो, तिथून आम्ही पुढे गेलो. माळ जवळजवळ स्थिर होती.

पुढच्या वर्षी, २००५ साली, नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय झाला. वर्तमानपत्रं त्याच्या वेगाने भरली होती. त्यात मला एक गोष्ट सापडली, ती मी मिस्त्रींना जाऊन सांगितली. त्याची सुरुवातीची शर्यत फॉर्म्युला मारुतीत झाली होती. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी घडवलेली एकाच आसनाची छोटी रेसिंग कार. तिच्यात मागे बसवलेलं इंजिन मारुती ८०० चं. सगळ्यांना तेच इंजिन, तशीच गाडी. मग पुढे कोण जाणार? वळणात कोण किती उशिरा आणि किती हळुवार ब्रेक सोडतो, त्यावर. मिस्त्रींनी क्षणभर पाना खाली ठेवला. "म्हंजे आपलंच इंजिन," ते म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते कौतुक होतं की शंका, मला ठरवता आलं नाही.

मारुती मी २०११ मध्ये विकली. कंपनी फिटिंगमध्ये. परवा पुतण्या त्याची टर्बो पेट्रोल गाडी घेऊन आला. आता पाना लागत नाही, लॅपटॉप लावतात, इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलतात आणि तासाभरात अश्वशक्ती वाढते. माझ्या शंकूसारखी ही फसवणूक नव्हे, ताकद खरोखर वाढते. "काका, फक्त रिमॅप. कुणाला कळणारसुद्धा नाही," तो म्हणाला. मी त्याला कायदा सांगितला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये म्हटलं की निर्मात्याच्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. तो हसला. कायद्याचं सगळेच हसण्यावारी नेतात. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस गाडी तपासायला येईपर्यंत.

मग मी त्याला खाली नेलं आणि टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचायला लावले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर सहा वर्षांचे निघाले. रबर कडेला तडकलं होतं. ब्रेक ऑइल कधी बदललं ते त्याला माहीत नव्हतं. एबीएस आहे, असं तो अभिमानाने म्हणाला, पण ते जागं झाल्यावर पायाखाली पेडल थरथरतं, तेव्हा घाबरून पाय उचलायचा नसतो, उलट दाबून धरायचा आणि स्टिअरिंगने वाट काढायची, हे त्याने कधी करून पाहिलं नव्हतं. आम्ही एका रिकाम्या, कोरड्या मैदानावर जाऊन ते चार वेळा करून पाहिलं. पहिल्या दोन्ही वेळा त्याने पाय उचलला.

"आधी ही मुळात कशी आहे ते बघ," मी म्हणालो. वाक्य माझं नव्हतं, हे त्याला सांगितलं नाही.

आणि गेल्या महिन्यातली गोष्ट. पुण्याहून कोल्हापूरला रात्री येत होतो. समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याभोवती एक धूसर कडं दिसत होतं. मी काच पुसली, आतून पुसली, वायपरचं रबर बदलायचं मनात ठरवलं. दोन दिवसांनी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की काच स्वच्छ आहे, मोतीबिंदूची सुरुवात आहे. खुर्चीत बसल्या बसल्या मला उद्यमनगरातली शेड आठवली. गाडी किती सालची, सर? माझ्यासाठी कंपनी फिटिंग नाही. बुश बदलून मिळत नाहीत. पाय उचलून ब्रेकवर न्यायला तिशीत लागायचा त्याहून आता थोडा जास्त वेळ लागतो, आणि तो थोडा वेळ १०० च्या वेगाने कित्येक मीटरचा असतो.

हल्ली मी पुण्याहून दुपारी दोनला निघतो. उजेडात घरी पोचतो.